शीग

ती शाल तिथेच ठेवा, खुर्चीच्या पाठीवर. नाही, माझ्या खांद्यावर घालू नका — समारंभ तुमच्या शाळेत होता, गेल्या शनिवारी होता, आणि मी तो अर्ध्यावर सोडून आले. त्याची शाल आज, आठ दिवसांनी, माझ्या घरात मला कशासाठी? नारळ ठेवा हवं तर. नारळाचा काही अपराध नाही. आणि बसा. उभ्याने मी कोणाशी बोलत नाही, भांडत तर मुळीच नाही. हो, भांडतेच आहे. तुम्हाला अजून शंका होती?

प्रकृती उत्तम आहे माझी. हे तुम्ही दारात विचारलंत आणि आता पुन्हा विचारलंत, म्हणजे शाळेत तुम्ही सगळ्यांना सांगितलेलं दिसतं की बाईंना चक्कर आली म्हणून त्या उठून गेल्या — सांगितलंत ना? वाटलंच मला. ते आधी दुरुस्त करा. मला चक्कर आली नव्हती, मला राग आला होता. पण एकोणऐंशीव्या वर्षी बाई उठून गेली की लोकांना चक्करच सुचते, राग हा जणू तरुणांनाच येतो. कापडे गावातल्या तुमच्या शाळेपासून इथे पोलादपुरापर्यंत मी मिनीडोरने आले — तुमच्या गाडीची वाट पाहिली नाही — सहा माणसांच्या त्या रिक्षात नववी म्हणून बसले, मांडीवर कोणाची तरी कोंबडी होती, आणि स्टँडवर उतरून सुटं भाडं हातावर ठेवलं. चक्कर आलेली बाई असं करते का? नाही करत.

आणि स्नेहलबाई — मॅडम म्हणायचं असतं आता, ठाऊक आहे मला, पण मी बाईच म्हणेन. आमच्या वेळी बाई हा शब्द मिळवावा लागे — निमंत्रणपत्रिकेवर तुम्ही ‘उद्घाटन’ऐवजी ‘उद्धाटन’ छापलंत. घ कुठे, ध कुठे. तिसरी-चौथीच्या वर्गाला शिकवता ना तुम्ही? आणि माझ्या नावाआधी ‘सौ.’ लावलंत. हे जाऊन किती वर्षं झाली, सगळ्या पोलादपूरला माहीत आहे. मी श्रीमती आहे. अर्थात त्याचा मला राग आलेला नाही, तेवढ्यासाठी कोणी व्यासपीठ सोडत नाही. मी जुनी मॅट्रिक आहे, असल्या चुका डोळ्यांत खुपतात, पण त्या मी मनातल्या मनात दुरुस्त करते आणि पुढे जाते. मी उठले ती सलोनीसाठी. तिसरीतल्या सलोनीसाठी. — हो, माझ्याकडे धान्य घेऊन येते त्या राहीबाईची नात, तीच. आज त्या मुलीविषयीच बोलायचं आहे, दुसरं काही नाही, तेव्हा पाणी हवं असेल तर आत्ताच घ्या.

आधी चांगलं बोलते. मी न्यायी बाई आहे, जे उत्तम होतं ते उत्तमच म्हणणार. लहान मुलांना अर्थशास्त्र फळ्यावर शिकवण्यात अर्थ नाही, त्यांच्या हातात माल द्यायला हवा, देवघेव त्यांनी स्वतः करून बघायला हवी — हे तुमचं म्हणणं मला संपूर्ण मान्य आहे. आम्हाला पुस्तकात एक व्यापारी असायचा, तो सदानकदा गहू घ्यायचा आणि विकायचा, आणि त्या व्यापाऱ्याचं तोंड आम्ही जन्मात पाहिलं नाही. तुम्ही पुठ्ठ्याची नाणी केलीत, प्रत्येक मुलाला सारखी दिलीत, व्हरांड्यात बाजार मांडलात. अंकिताने अळूच्या पानांचे वाटे लावले होते — मी वाकून पाहिलं, वाटे अगदी सारखे होते, मला ते आवडलं. स्वराजचं लिंबाचं सरबत संपत आलं तसा त्याने भाव चढवला, तेव्हा तुम्ही शिट्टी वाजवून सगळा बाजार थांबवलात आणि विचारलंत, याने भाव का चढवला? आणि पहिलीतलं एक शेंबडं पोर म्हणालं, ‘तहान हाय तेवढीच हाय, सरबत कमी झालं.’ त्या क्षणी मी मनात म्हटलं, या बाईला विषय कळतो. खरंच म्हटलं. आता लाजू नका, ते त्या क्षणापुरतंच होतं.

मग तुम्ही बोरांकडे आलात. दोन मुलांना मुद्दाम एकच माल दिलात — शाळेमागच्या एकाच झाडाची बोरं, सारख्या टोपल्या, सारखे प्लास्टिकचे ग्लास, ग्लासाला एक नाणं, भाव कोणी बदलायचा नाही. स्पर्धा शिकवायची होती ना? त्या मुंबईच्या संस्थेने पाठवलेल्या पेटीत तसा खेळ दिलेला होता, बरोबर? हं. तर एका बाजूला चौथीतला यशराज, दुसऱ्या बाजूला सलोनी. आणि मला तुम्ही मधोमध खुर्ची दिलीत, प्रमुख पाहुणी म्हणून, त्यामुळे मला दोन्ही टोपल्या दिसत होत्या. तुम्हाला दिसत नव्हत्या. तुम्ही मोबाइल धरून चित्रण करत होतात. सलोनीने पहिला ग्लास भरला — काठापर्यंत भरला, मग वर आणखी बोरं रचली, निमुळती, देवळाच्या कळसासारखी, आणि ती पडू नयेत म्हणून डाव्या हाताचा आडोसा धरून समोरच्या मुलाच्या ओंजळीत ओतला. दुसरा ग्लास तसाच. तिसरा तसाच. तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिचा हात काठाशी थांबतच नव्हता. साहजिकच रांग तिच्यापुढे लागली, आणि साहजिकच तिची टोपली आधी रिकामी झाली, मग उरलेली मुलं नाइलाजाने यशराजकडे वळली. त्याच तेवढ्या टोपलीतून यशराजचे ग्लास तिच्या दुप्पट निघाले. कसे निघाले? हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत. शिट्टी तुमच्या गळ्यात होती, वाजवली नाहीत.

मला प्रत्येक दुकानातून एकेक वस्तू भेट आली होती, पाहुणीला म्हणून. यशराज ओतून देत नव्हता, भरलेला ग्लासच देत होता, तसा त्याचा ग्लास माझ्या हातात होता. मी बोरं खात होते — खाऊ नयेत का? दात माझे आहेत — आणि चार-पाच बोरं खाल्ल्यावर बोटाला कागद लागला. कागदाचा बोळा. अर्धा ग्लास बोळा आणि वर बोरं. बोळा उलगडून पाहिला तर तुमचीच निमंत्रणपत्रिका, ‘उद्धाटन’ आणि ‘सौ.’ दोन्ही मजकुरासह, मी स्वतःच स्वतःच्या ग्लासाच्या तळाशी चुरगळून बसलेली. मी त्या मुलाला जवळ बोलावलं आणि विचारलं, यशराज, हे काय? घाबरला नाही तो. म्हणाला, ‘आजी, त्याला पॅकिंग म्हणतात.’ महाडच्या स्टँडवर शेंगदाणे विकणारा तसंच करतो म्हणे, पुडीचा तळ मुडपतो. मी त्या मुलाला दोष देत नाही. त्याने पाहिलं आणि केलं, शिवाय त्याचं उत्तर सरळ होतं. आणि तुम्ही — तुम्ही ऐकलंत ते, तुम्ही माझ्या शेजारी उभ्या होतात — तुम्ही हसलात. ‘किती कल्पक आहे बघा हो,’ म्हणालात. ज्या मुलांना आपापल्या ग्लासात बोळे सापडले होते तीही मग हसली. त्याआधी हसत नव्हती, स्नेहलबाई. त्याआधी ती बोळ्याकडे बघत होती. तुम्ही हसलात म्हणून ती हसली.

नाही, मला बोलू द्या, पुढचं तुम्हाला गमतीचं वाटलं होतं. तुम्ही फळ्यावर दोन रकाने केलेत, नफा आणि तोटा. पहिल्याखाली यशराज, दुसऱ्याखाली सलोनी. यशराजला सोनेरी कागदाचा मुकुट — तो मी घालायचा होता, तुम्ही माझ्या हातात देऊन ठेवला होतात. आणि सलोनीला रिकाम्या टोपलीसकट पुढे उभं केलंत आणि वर्गाला विचारलंत, ‘सांगा बरं, सलोनीचं काय चुकलं?’ आणि सगळा वर्ग एका सुरात, पाढे म्हणतात तसा — ‘वर घात-ली.’ पुन्हा विचारलंत, चित्रणात नीट आलं नव्हतं म्हणून. पुन्हा — ‘वर घात-ली.’ ती टोपली पोटाशी धरून उभी होती. रडली नाही. राहीबाई दाराशी होती, व्हरांड्याच्या खांबाला टेकून. तीही पदर तोंडाला लावून हसत होती, कारण सगळे हसत होते, आणि शाळेत सगळे हसले की आपणही हसावं असं त्या बाईला वाटतं. मी मुकुट टेबलावर ठेवला आणि उठले.

शीग म्हणतात त्याला. मापाच्या काठावर जो निमुळता ढीग राहतो तो. तुम्हाला हा शब्द ठाऊक होता? नाही ना? तुम्ही महाड शहरातल्या, पिशवीवर छापलेल्या वजनावर वाढलेल्या, तुमचा तरी काय दोष. कापड्याकडच्या बायका भात मोजतात, नाचणी मोजतात, त्या शीग लावून मोजतात. घराबाहेर जाणारं माप काठाला थांबवलं तर ते त्यांना उष्टं वाटतं. कसं सांगू — वाढताना आपण पोळी पानाच्या बाहेर टाकत नाही ना, तितकं साधं. त्याचा हिशेब नसतो. ‘वर घातली’ ही त्या मुलीची चूक नव्हती, तिच्या घरात मोजण्याची तीच रीत आहे, आणि तुम्ही ती रीत सगळ्या वर्गाकडून दोनदा चूक म्हणून म्हणवून घेतलीत.

आता तुम्हाला वाटत असेल, ही म्हातारी शीग लावणाऱ्यांपैकी आहे म्हणून चिडली. मुळीच नाही. बाजारपेठेत आमचं धान्याचं दुकान होतं. यांच्या नावाचं, पण हे बसत नसत, यांना गप्पा प्रिय, त्यामुळे सगळा व्यवहार मी पाहिला. आणि मी सपाट मापाची बाई. मॅट्रिकच्या भूमितीच्या पेपराला नेलेली लाकडी फूटपट्टी होती माझी, तीच मी मापावर फिरवत असे — काठाच्या वर एक दाणा नाही, काठाच्या खाली एक दाणा नाही. मागून मला ‘पट्टीवाली’ म्हणायचे. म्हणोत. श्रीमंत आला तरी पट्टी, गरीब आला तरी पट्टी, माझ्या माहेरचा आला तरी पट्टी. आणि मला आजही वाटतं की तोच न्याय होता. शीग हा लाडिकपणा आहे, त्याने पुढच्याचा नेम बिघडतो, असंच मी राहीबाईला सांगत आले. ती मला दर रविवारी धान्य आणून देते — कधी तांदूळ, कधी कुळीथ, कधी वरी — दुकान होतं तेव्हापासून, आता दुकान गेलं तरी. आणि दर रविवारी आमचं भांडण. ती शीग लावणार, मी पट्टी फिरवून ती शीग तिच्या टोपलीत परत पाडणार, आणि मी मापटं सुपात ओतायला वळले की ती पाठीमागून एक मूठ सरळ सुपात टाकणार. ‘राहे, उचल ते.’ ‘पडलं गो काकी हातातनं.’ दर रविवारी पडायचं. सुनेच्या बाळंतपणातही आली होती, पोराचं लग्न होतं त्या आठवड्यातही आली होती, आणि दर वेळी हातातनं पडलं. मला ते कधीही मान्य नव्हतं. आजही नाही.

पण बोळा? बोळा हा सपाटाच्याही खाली. मी तुम्हाला तीन मापं सांगते — शीग, सपाट आणि बोळा. पहिल्या दोहोंत माझं आणि राहीबाईचं भांडण आयुष्यभर चालू शकतं, चाललंच. तिसऱ्याला तुम्ही मुकुट घातलात. मधलं जे माझं, ते तर तुमच्या फळ्यावर कुठे नव्हतंच.

काय म्हणालात? नियमाप्रमाणे ज्याची नाणी जास्त तो जिंकणार? बरोबर आहे, तुमच्या नियमाप्रमाणे बरोबर आहे, आणि माझा राग त्या नियमावरच आहे. तुमचा बाजार किती वेळ चालला? एक सकाळ. टोपल्या रिकाम्या झाल्या, शिट्टी वाजली, संपला. त्याला बाजार म्हणत नाहीत, जत्रा म्हणतात. जत्रेतला विकणारा बोळा घालू शकतो, कारण उद्या तो दुसऱ्या गावाला. बाजार म्हणजे — तुम्ही शिकवता म्हणून तुम्हाला सांगते — बाजार म्हणजे तोच विकणारा, तोच घेणारा, आणि पुढचा आठवडा. दुसऱ्या शनिवारी पुन्हा दोन टोपल्या मांडायच्या होत्यात. मग मुलं कोणापुढे उभी राहिली असती? पहिल्याच दिवशी रांग कोणापुढे होती, ते मी पाहिलं. तुमच्या चित्रणातही असेल, बघा जरा. तुम्ही अर्धा धडा शिकवून मुकुट वाटलेत. अर्ध्या धड्यापेक्षा काही न शिकवणं बरं होतं, निदान त्या मुलीचा हात तिच्या आजीच्या ताब्यात राहिला असता.

पेटीत एकाच दिवसाचा खेळ होता. बरं. अहवालही पाठवून झाला. छायाचित्रं गेली. उत्तम. तुमच्यावर किती कागदांचा भार असतो ते मला ठाऊक आहे, एका वर्गात दोन इयत्ता, वरून दर महिन्याला कोणाची तरी पेटी — मला कळत नाही असं समजू नका. पण स्नेहलबाई, त्या पेटीत बोरं नव्हती. बोरं कापड्याची होती.

हे आणखी काय म्हणता? सलोनी सुधारली?

पुन्हा सांगा. — परवा वर्गात कंदमुळं मोजायला दिलीत, तर तिने ग्लासावरून हात फिरवून सपाट करून दिला. आणि तुम्ही शाबासकी दिलीत. ‘बघा, चुकीतून शिकली.’ असं म्हणालात. आणि ही बातमी मला आनंद व्हावा म्हणून सांगता आहात, शालीबरोबर.

मला ठाऊक आहे ते. तुमच्या आधीपासून ठाऊक आहे. तुमचा बाजार शनिवारी झाला. दुसऱ्या दिवशी, रविवारी, राहीबाई नेहमीसारखी आली, नवे कुळीथ घेऊन, आणि पोरगी बरोबर होती. राहीबाईचा गुडघा धरला होता म्हणून ती तिथे, उंबऱ्यावर बसली, आणि म्हणाली, ‘तू भर गो काकीचं मापटं.’ मी पट्टी घेऊन उभी. नेहमीसारखी. पोरीने मापटं भरलं, काठापर्यंत, आणि मग हाताचा तळवा आडवा केला आणि मापावरून असा — असा फिरवला. जास्तीचे दाणे टोपलीत परत गेले. एकही खाली सांडला नाही. मग माझ्याकडे पाहिलं. ती दिसायला लहान आहे वयाच्या मानाने, मान वर करून पाहावं लागतं तिला — शाबासकीसाठी पाहिलं. माझ्या हातात पट्टी, आणि छाटायला काही नाही.

  माझ्याच मनासारखं झालं होतं. आयुष्यभर मी जे सांगत होते ते झालं होतं, सपाट माप, न्याय्य माप, एक दाणा इकडे नाही, एक तिकडे नाही. मी राहीबाईकडे पाहिलं, म्हटलं आता ही पोरीला रागावेल, आता हिच्या हातातनं पडेल. तर ती हसली. म्हणाली, ‘मी नाय शिकवलं काकी, आपल्या मनानंच केलं. शाळंत शिकलीय. हुशार निघाली हाय पोर, माझ्यावाणी येडी नाय व्हायची.’ माझ्यावाणी येडी. ऐकलंत? इतकी वर्षं मी त्या बाईशी भांडले, पट्टी आपटली, तिला आडमुठी म्हटलं, हट्टी म्हटलं — येडी कधी म्हटलं नाही. आणि तिनेही कधी ऐकलं नाही माझं, ऐकायचीच नाही, म्हणून तर मी म्हणू शकत होते. तुमच्या वर्गाचं मात्र तिने दाराशी उभं राहून एका सकाळीत ऐकलं. सुपाकडे मी वळले, मुद्दाम हळूहळू वळले. पाठीमागे काही पडलं नाही.

ते कुळीथ तिथे आहेत, सुपात, झाकून ठेवलेत. शिजवले नाहीत. — नाही, खराब नाहीत, चांगले आहेत, नवे आहेत, मला कुळथाचं पिठलं आवडतं. शिजवले नाहीत एवढंच. तुम्हाला काय करायचं आहे त्याच्याशी?

एकटी राहते म्हणून मन लावून घेते, असं म्हणू नका, तुम्ही ते म्हणण्याच्या बेतात आहात. मला काही कमी नाही. देवव्रत पुण्याहून पहिल्या तारखेला पैसे पाठवतो, एक दिवस मागे नाही, एक दिवस पुढे नाही. देवश्री रविवारी संध्याकाळी फोन करते. सगळं विचारते, औषधं, रक्तदाब, झोप — सगळं झालं की ‘चल आई, ठेवते.’ मुलं अगदी नेमाची निघाली, कोणाला नाव ठेवायला जागा नाही, मीच तशी वाढवली. सगळं काठोकाठ. काठाच्या वर तेवढं — असो. असो. विषय तो नाही. विषय तुमची शाळा आहे. भलतीकडे नेऊ नका मला.

मी तुमच्याकडून एकच मागते. येत्या शनिवारी पुन्हा बाजार मांडा. त्याच दोन टोपल्या, तीच दोन मुलं, समोर तोच वर्ग. बोरं संपली असतील तर चिंचा घ्या. मुकुट नको, रकाने नकोत, मोबाइल नको; फक्त बाजार मांडा आणि मुलं कुठे जातात ते मुलांनाच पाहू द्या. आणि मग विचारा, काय चुकलं — कोणाचंही नाव न घेता विचारा. शाळेच्या वेळेत बसत नसेल तर मी मुख्याध्यापकांशी बोलते. मला ते नाही म्हणणार नाहीत, त्यांच्या वडिलांना मी भूमिती शिकवली आहे, दुकानाच्या ओट्यावर.

हो? बोला. घुटमळू नका, मी ऐकते आहे.

... दुसऱ्या शनिवारी सगळेच बोळे घालतील, म्हणता.

असं वाटतं तुम्हाला.

सगळ्यांना मुकुट पाहिजे झालाय. या आठवड्यात बाजार-बाजार खेळताना स्वराजने सरबतात नुसतं पाणी वाढवलं — असं का. अंकितानेही? तिने वाट्यात आत फाटकी पानं दडवली — अंकिता, जिचे वाटे सारखे होते ती. आणि घेणारे तेच, विकणारे तेच, सगळ्यांचेच बोळे, मग दुसऱ्या ओळीत जाऊन उभं राहून करायचं काय.

हो. होऊ शकतं. मी नाही म्हणत नाही. आमच्या दुकानासमोर पाकिटातला माल आला तेव्हा मी हेच म्हटलं होतं — महिनाभर थांबा, गिऱ्हाईक परत येईल, पट्टीची किंमत कळेल. आलं का? थोडं आलं. पुरेसं नाही आलं. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि जे मला येत नाही ते येतं असं मी म्हणत नाही. पण एवढं विचारते — त्या वर्गात एक हात असा होता की ज्याला काठाशी थांबणं माहीतच नव्हतं. एकच होता. तो तुम्ही थांबवलात. आता सगळ्यांचे बोळे असतील तर ते दाखवायला तरी तो एक हात हवा होता की नको? कशाशी ताडून पाहतील मुलं? माझ्या पट्टीशी? पट्टी कपाटात गेली. गेल्या रविवारीच गेली.

थांबा. पायऱ्या वाजल्या. बसून राहा, उठू नका आता, उशीर झाला. रविवार आहे ना. राहीबाई खालच्या मजल्यावरच्या बनुबाईच्या ओट्यावर टेकत असेल, गुडघ्याने, आणि पोरीला पुढे पाठवलं असेल. तुमच्या तोंडावरचा तो भाव काढा — ती लगेच ओळखते.

ये ग सलोनी, ये, दार उघडंच आहे. आजी खाली बसली का? बसू दे. हो, तुझ्याच बाई आहेत या, मला भेटायला आल्यात. लाजतेस काय, रोज तर बघतेस त्यांना. तांदूळ आणलेस? ठेव टोपली. मापटं नेहमीच्या जागी आहे, घे. पट्टी? पट्टी नाही आज, माझा हात दुखतो आहे. तूच भर, तुला जसं भरायचं तसं भर, मी काही बोलणार नाही.

भर.

भरलं काठापर्यंत? मग थांबलीस का? माझ्याकडे बघू नकोस बाळ, मी म्हटलं ना — नाही. माझ्याकडे नाही बघत ती. तुमच्याकडे बघते आहे, स्नेहलबाई. तळवा मापट्यावर आडवा धरला आहे आणि तुमच्याकडे बघते आहे. तुम्ही तिला विचारलं होतंत काय चुकलं ते, सगळ्यांदेखत, दोनदा. आता ती तुम्हाला विचारते आहे. सांगा तिला.

मी गप्प बसते.